माडी, कट्टे आणि पिक्चर

बरेच दिवस झाले हे लिहायचं होतं. पण आमच्या घरातले निम्मे लोक हे पान वाचतात (आणि वाचून फोनवर चुका काढतात), म्हणून टाळत होतो. दादा वाचत नाही. वहिनी वाचते आणि त्याला सांगते. वहिनी, हे मात्र पूर्ण सांग. अर्धं सांगू नकोस.

तर झालं असं की, बार्शीटाकळीच्या आमच्या घराच्या माडीवर मी एक टॉकीज काढली.

ज्यांना बार्शीटाकळी माहीत नाही त्यांच्यासाठी. अकोल्यापासून वीसेक किलोमीटरवर, अकोला-पूर्णा रेल्वेच्या रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. कालंका देवीचं हेमाडपंती देऊळ आहे, ते पाहायला अभ्यासक लोक येतात. आमच्यासारखे तिथे जन्मलेले मात्र ते देऊळ नीट कधी पाहत नाहीत. लहानपणी आमच्यासाठी पिक्चर म्हणजे अकोला. वसंत टॉकीज, मानेक टॉकीज ही नावं आम्ही तीर्थक्षेत्रांसारखी घ्यायचो. छोट्या लाइनीची गाडी होती तेव्हा (ब्रॉडगेज २००८ साली झालं). बाबा वर्षातून दोनदा न्यायचे. एकदा चुकारा आल्यावर, आणि एकदा आईने फारच धरून बसल्यावर.

चुकारा हा शब्द आता आमच्या पोरांना सांगावा लागतो. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार होता. कापूस सरकारलाच घालायचा आणि पैशाची वाट पाहायची. तो पैसा म्हणजे चुकारा. केंद्रावर नंबर लागेपर्यंत कापूस घरात राहायचा, आणि आमच्या घरात त्याची जागा म्हणजे माडी. बावीस फूट लांब, चौदा फूट रुंद, खाली सागाच्या तुळया, वर टिनं. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत ती पांढरीशुभ्र भरलेली असायची. आम्ही दोघं भाऊ त्यात उड्या मारायचो, मग रात्रभर अंग खाजवत बसायचो आणि आईच्या शिव्या खायचो. पुढे कापूस कमी होत गेला, सोयाबीन आलं, आणि माडीवर मोडकं तिफन, डवऱ्याच्या फासा, पाळणा, मर्फीचा बंद रेडिओ असलं काय काय साठत गेलं. बाबा २०१७ साली गेले. त्यांच्या चुकाऱ्याच्या पावत्यांची पेटीही तिथेच ठेवलेली.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि आम्ही तिघं पुण्याहून बार्शीटाकळीला आलो. पंधरा दिवसांसाठी आलो ते दीड वर्ष राहिलो. त्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४७ च्या पुढे गेला होता. दिवसभर खालच्या खोलीत कूलरसमोर लॅपटॉप घेऊन बसायचं आणि रात्री अंगणात बाजा टाकून पडायचं. तिथे पडल्या पडल्या माझ्या डोक्यात हे खूळ शिरलं. टॉकीजा सगळ्या बंद. पोरगी मोबाइलवर तळहाताएवढे पिक्चर पाहते. आणि आपल्या डोक्यावर बावीस बाय चौदाची रिकामी जागा!

मी दादाला म्हटलं. तो म्हणाला, "थे माडी रिकामी दिसते म्हनून रिकामी हाय असं नाई."

मला वाटलं, नेहमीप्रमाणे मोडता घालतोय. मी पुढे बोलत राहिलो. त्यावर तो एवढंच म्हणाला, "कर मंग."

प्रोजेक्टर अकोल्याला जुना मिळाला. एक शिकवणीवर्ग बंद पडला होता, त्याचं सामान विकायला काढलेलं. हा मुळात पिक्चरसाठीचा प्रोजेक्टरच नव्हे. फळ्याच्या जागी गणितं दाखवायला वापरलेला, ४:३ आकाराचा. उजेड भरपूर, पण काळा रंग राखाडी. मी तेव्हा यातलं बरंच वाचून काढलं आणि घरच्यांचं डोकं खाल्लं, आता तुमचं खातो. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. जिथे काळं हवं तिथे तो फक्त उजेड कमी टाकतो. म्हणजे तुमची खोली जेवढी अंधारी, तेवढंच तुमचं काळं काळं. पडद्यावरून परत आलेला उजेड बाजूच्या पांढऱ्या भिंतींवर आपटून पुन्हा पडद्यावर येतो आणि रात्रीच्या सीनची दुपार होते. म्हणून भिंती गडद पाहिजेत, आणि गडद म्हणजे चमकणाऱ्या नव्हे, मातकट. अंतराचा हिशोबही सोपा आहे. प्रोजेक्टर पडद्यापासून जेवढा लांब, त्याला त्या यंत्राच्या ठरलेल्या आकड्याने भागलं की चित्राची रुंदी मिळते. आमच्या यंत्राचा आकडा दीड. बारा फुटांवर टांगला तर चित्र आठ फूट रुंद आणि सहा फूट उंच. समोरची त्रिकोणी भिंत मधोमध अकरा फूट उंच, म्हणजे ते बरोबर बसत होतं. हे पहिल्यांदा खडूने भिंतीवर आखलं तेव्हा मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

मिस्त्रीला काळा रंग सांगितला, तर तो ब्रश खाली ठेवून उभा राहिला. "काया रंग? घरात? भाऊ, कोनं सांगतलं तुमाले?" आईनेही देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. शेवटी आईनेच तोडगा काढला. गेरू. बाजूच्या दोन्ही भिंती आणि मागची भिंत गेरूने सारवायची. गेरूला चमक नाही, उजेड पितो, आणि अशुभही नाही. समोरची भिंत घासून गुळगुळीत करून बिनचमकीचा पांढरा रंग. खिडक्यांना काळं कापड मात्र लावलं. ते बाहेरून दिसत नाही म्हणून चालून गेलं. गेरूचा लालसर उजेड पडद्यावर किंचित येतो आणि गोऱ्या नट्या सगळ्या उन्हात काम करून आल्यासारख्या दिसतात, पण आमच्याकडे त्यात काही वावगं वाटत नाही. :)

इथे थोडं विषयांतर. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी आणि त्यांच्या मुलांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' नावाचा प्रकार सुरू केला होता. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, दिव्याचा कंदील आणि भिंग. काचा भराभर सरकवून चित्रं हलल्याचा भास करायचे आणि गोष्ट सांगायचे. मुंबईत ल्युमिए बंधूंची फिल्म १८९६ च्या जुलैमध्ये दाखवली गेली, त्याच्याही आधी. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' तर १९१३ चा. एका घरातल्या माणसांनी मिळून केलेला उद्योग होता तो, आणि मला त्याचंच जास्त वाटतं. बाप गोष्ट सांगतोय, पोरं काचा सरकवतायत. माझ्याकडे एक पोरगी होती आणि ती फक्त वायर कुठे तुटली ते दाखवायची.

संक्रांतीला, जानेवारी २०२१ मध्ये, पहिला खेळ झाला. निवड आईची. 'जय संतोषी माँ'. १९७५ साली लग्नानंतर नव्यानेच बाबांनी तिला अकोल्याला नेऊन दाखवलेला. टॉकीजच्या दारात लोक चपला काढून आत जात होते आणि पडद्यावर पैसे उधळत होते, हे ती अजून सांगते. आईचे गुडघे गेलेत. ती माडीचा जिना बसून चढली, एकेक पायरी, पाठमोरी, मध्ये दोनदा थांबून. वर येऊन सतरंजीवर बसली आणि पडदा उजळला तेव्हा म्हणाली, "येवढी मोठी देवी!" मग सबंध पिक्चरभर गप्प. चार रुपयांची नाणी तिने खरोखरच पदराला बांधून आणली होती, पण मग टाकायची लाज वाटली म्हणाली.

आवाज मात्र घुमत होता. एक वाक्य दोनदा ऐकू यायचं. भिंती सपाट, वर टिन. मी म्हटलं, बघू पुढे.

यानंतर मला कळलं की मी जी टॉकीज काढली ती वर्षातले पाच महिने चालणारी आहे. एप्रिलमध्ये टिनं तापली की रात्री नऊलाही वर चाळीसच्या घरात असतं, आणि असल्या बहुतेक यंत्रांची मर्यादा साधारण तेवढीच. प्रोजेक्टर लाल दिवा लावून बंद पडायचा. कूलर लावला तर त्याच्या आवाजात हीरो काय बोलतो ते कळेना. जूनपासून पावसाळा. टिनावर पाऊस पडायला लागला की पिक्चर मुका. म्हणजे राहिला ऑक्टोबर ते फेब्रुवारी. त्यातच कधी लाइन गेली तर आतला दिवा थंड करणारा पंखाही बंद होतो आणि दिव्याचं आयुष्य कमी होतं, म्हणून इन्व्हर्टर घेतला. असो. हौसेला मोल नसतं म्हणतात. मोल असतं, आपण फक्त बिलं बायकोला दाखवत नाही.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. हे महिने लक्षात ठेवा.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये आम्हाला ऑफिसने परत बोलावलं. दिवाळीला मी आलो तो माझ्या पुण्याच्या मित्राला आणि त्याच्या कुटुंबाला घेऊन. गाडीत सबंध रस्ता मी त्यांना टॉकीजचं वर्णन ऐकवलं होतं. घरी पोचलो, चहा झाला, मोठ्या ऐटीत त्यांना घेऊन जिना चढलो, दिवा लावला. समोर सोयाबीनचे कट्टे. भिंतीपासून भिंतीपर्यंत, छातीएवढी थप्पी. प्रोजेक्टरला दादाने खताच्या पिशवीत बांधून टांगलेलाच ठेवला होता.

मी खाली आलो आणि सगळ्यांसमोर बोललो. काय बोललो ते इथे लिहितो, कारण तेच लिहायला हा लेख घेतला. मी म्हणालो, "त्या खोलीत पैसे मी घातलेत. निदान विचारायचं तरी."

दादा अंगणात बादली भरत होता. त्याने नळ बंद केला. म्हणाला, "हाव. इचाराले पाहिजे होतं." आणि बैलांकडे गेला.

रात्री आई माझ्याजवळ येऊन बसली. ती रागावली नाही. तिने मला नुसती एक गोष्ट विचारली. तू झोपला आहेस ती खोली आधी काय होती?

ती धान्याची खोली होती. २०१९ साली दादाने ती पाडून तिथे फरशी घातली, संडास-बाथरूम जोडलं. कारण माझ्या बायकोला आणि पोरीला रात्री अंगणातून पलीकडे जायला भीती वाटायची. मी तेव्हा निम्मे पैसे दिले होते आणि आपण फार केलं असं मला वाटलं होतं. खाली धान्य ठेवायला जागा उरली नाही, तेव्हापासून माल माडीवर. "रिकामी दिसते म्हनून रिकामी हाय असं नाई" याचा अर्थ तो होता.

आणि २०२० च्या हंगामात, मी वर खडूने आठ बाय सहाचा चौकोन आखत होतो तेव्हा, दादाने सगळं सोयाबीन काढणीनंतर लगेच विकून टाकलं. चार हजाराच्या आसपास भाव मिळाला. त्या वर्षीचा हमीभाव ३,८८० होता, म्हणजे तसा वाईट नाही. पण पुढच्या एप्रिलमध्ये तेच सोयाबीन सात हजाराच्या घरात गेलं आणि जुलै-ऑगस्टला दहा हजाराला टेकलं. मी पुण्याच्या पेपरात ती बातमी वाचली होती. 'वा, शेतकऱ्याला चांगले दिवस' असं म्हणून पान उलटलं होतं. चाळीस क्विंटल. दहा हजार सोडा, सातचाच हिशोब करा. मी रात्री मोबाइलवर केला. माझ्या प्रोजेक्टर, इन्व्हर्टर, रंग, वायर सगळ्याची बेरीज त्याच्या एका कोपऱ्यातही बसत नव्हती.

भाव चढेल हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, हे खरं आहे. दादा नाहीतरी विकणारच होता असंही असेल. पण त्याने ते मला कधी म्हटलं नाही, त्यामुळे मला तसं म्हणायची सोयही राहिली नाही.

पहाटे धप्प धप्प आवाजाने जाग आली. दादा एकटाच कट्टे खाली आणत होता. साठ-साठ किलोचे. मी धावत गेलो. म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, "पाहुने आले हायेत. दोन दिस ओसरीत ठेवतो, मंग पुन्हा चढवतो." मी त्याच्या हातातून एक घ्यायला गेलो आणि तो मला जमिनीवरून उचलताही येईना. पुण्याच्या मित्राने एक टोक धरलं तेव्हा कुठे हलला. दादा हसला. तेवढ्यावर निम्मं काम झालं.

मग आम्ही तिघांनी मिळून कट्टे खाली न आणता वरच सरकवले. मिस्त्रीने पूर्वीच सांगितलं होतं की माडीच्या मधोमध वजन नको, भिंतीकडेला लावा, तिथे तुळया भिंतीत बसलेल्या आहेत. सत्तर कट्टे म्हणजे बेचाळीस क्विंटल, गंमत नाही. दोन्ही बाजूच्या भिंतींना आणि मागे थप्प्या लावल्या. मधे सतरंजी टाकायला आठ-दहा माणसांची जागा निघाली. मी शहाणपणाने त्याला शेतमाल तारण योजनेचंही सांगायला गेलो. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, बाजारभावाच्या पाऊण रकमेपर्यंत कर्ज सहा टक्क्यांनी घ्यायचं, भाव आला की विकायचं. १९९० पासूनची योजना आहे. दादा म्हणाला, "थे मले सांगून राह्यला का तू?" आणि टेम्पोचं भाडं, हमाली दोनदा, ओल किती टक्के, सगळं बोटावर मोजून दाखवलं. मी गप्प बसलो.

त्या रात्री पिक्चर लावला, 'श्यामची आई', १९५३ चा. जुने पिक्चर ४:३ च्या आसपासचेच, त्यामुळे भिंतभर चित्र, वर-खाली पट्ट्या नाहीत. शिकवणीचं यंत्र आणि अत्र्यांचा पिक्चर एकमेकांसाठीच केल्यासारखे. पण सुरुवातीलाच मला काहीतरी वेगळं जाणवलं. आवाज घुमत नव्हता. शब्द न् शब्द कोरडा, स्वच्छ, जवळून आल्यासारखा. मी उठून टाळी वाजवून पाहिली. टाळी वाजली आणि तिथेच विरली. लोक खोलीत फायबरचे गठ्ठे, जाड फोम लावतात, त्याला हजारो रुपये घालतात. काम तेच, आवाज भिंतीवर पोचण्याआधी जाड, खाचाखोचांच्या वस्तूत अडकवायचा. तेलबियांच्या दोन फूट जाडीच्या भिंतीपुढे ते गठ्ठे म्हणजे काहीच नव्हेत. दादाला हे समजावून सांगितलं तर तो म्हणाला, "म्हंजे माल इकला का टॉकीज बंद?" आणि आपल्याच विनोदावर इंटरव्हलपर्यंत हसत होता. इंटरव्हलला वहिनीने कच्चा चिवडा आणला.

तो माल पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये सात हजाराच्या आसपास गेला. माझा जीव भांड्यात पडला.

इथे लेख संपवला असता तर बरं झालं असतं. पण २०२२ च्या दिवाळीत मीच दादाला म्हटलं, थांब, विकू नको. भाव साडेपाच हजाराच्या आसपास होता. त्याचं मन विकायचं होतं. मी सात हजाराचं गणित मांडलं, जगाच्या बाजाराचे तक्ते लॅपटॉपवर उघडून दाखवले. तक्ते कशाचे होते ते आता सांगायलाही लाज वाटते. कट्टे माडीवर राहिले. फेब्रुवारी गेला, टिनं तापली, टॉकीज बंद झाली, कट्टे तिथेच. पेरणीच्या तोंडावर, जून २०२३ मध्ये, बियाण्या-खताला पैसा पाहिजे म्हणून त्याने विकले ते पाच हजाराच्या आत. मी फरक पाठवला. त्याने परत पाठवला. मी पुन्हा पाठवला, तेव्हा वहिनीचा फोन आला की हे बंद करा, बँकवाला हसून राह्यला.

त्यानंतर मी भावाबद्दल बोलत नाही. गेल्या दोन-तीन हंगामांत बोलण्यासारखं फार राहिलंही नाही. २०२४ चा हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात चार हजार मिळताना मारामार.

२०२५ च्या सप्टेंबरात पाऊस थांबलाच नाही. दिवाळीला गेलो तेव्हा माडीवर मागच्या भिंतीला फक्त एकोणीस कट्टे होते, त्यातले काही डागी. दोन्ही बाजूंच्या गेरूच्या भिंती उघड्या. मी पिक्चरचा विषयच काढला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दादाच म्हणाला, "लाव ना. पोरगी वाट पाहून राह्यली." वर गेलो, प्रोजेक्टर पुसला, जाळीतली धूळ फुंकली, लावला. आईला आता जिना जमत नाही, ती खाली ओसरीवर बसून नुसतं ऐकणार होती.

पहिलंच वाक्य दोनदा ऐकू आलं.

दादाने माझ्याकडे पाहिलं. "घुमून राह्यलं नाई?"

"हो."

तो उठून खाली गेला. मला वाटलं तंबाखूला गेला. पाच मिनिटांनी आला तो खांद्यावर सहा-सात गोधड्यांचा ढीग घेऊन, मागून वहिनी दोरी आणि खिळे घेऊन. खालून आई ओरडत होती, "अरे, त्या वरच्या लाल गोधडीले खिळा नको मारू, थे तुह्या बाबाच्या धोतराची हाय!"